दुखण्याचे गेट आणि शरीराचे स्वतःचे तेल

चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चाकण या पट्ट्यात ज्या घरात कुणाचेच काही दुखत नाही, असे घर शोधूनच काढावे लागेल. अब्बूंची कंबर प्रेसशॉपमध्ये वर्षानुवर्षे वाकून कामातून गेलेली असते. भाईजान असेंब्ली लाइनवर पूर्ण पाळी उभे असतात, रात्री त्यांच्या पोटऱ्या भरून येतात. अम्मीचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात आणि भाभीची मान शिलाई मशीनवर आखडते. अशा घरात फ्रीजवर किंवा कपाटाच्या खणात वेदनाशामक गोळ्यांची एक अर्धी संपलेली पट्टी हमखास सापडते.

त्या पट्टीबरोबर दोन प्रश्नही घरात असतात. पहिला : एक्स-रे स्वच्छ आहे, डॉक्टर म्हणतात हाडात काही नाही, मग दुखते कशाला? दुसरा : ही गोळी रोज घेतली तर बिघडते काय? या दोन्ही प्रश्नांच्या उत्तराचा मोठा भाग आपल्या पाठीच्या कण्यात आहे. तिथे शरीर स्वतः तयार करते अशी काही स्निग्ध द्रव्ये, म्हणजे साध्या भाषेत शरीराचे स्वतःचे तेल, दुखणे वाढवायचे की कमी करायचे हे ठरवत असतात. हा विषय थोडा किचकट आहे, पण प्रत्येक घराच्या उपयोगाचा आहे, म्हणून या लेखात आम्ही तो सोपा करून मांडत आहोत.

ती वायर नव्हे, गेट आहे

मणक्यांच्या पोकळीतून मेरुरज्जू खाली उतरतो. मोठ्या माणसात तो सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. पूर्वी समज असा होता की ही एक वायर आहे. पायाला ठेच लागली की बातमी जशीच्या तशी मेंदूत पोहोचते. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी वेगळेच मांडले. त्यांचे म्हणणे असे की मेरुरज्जूत एक गेट आहे आणि वेदनेची बातमी तिथे अडवली जाते, सोडली जाते किंवा वाढवलीही जाते. त्यांच्या मांडणीतले बारकावे पुढे बदलले, पण गेटची मूळ कल्पना आजही टिकून आहे.

एमआयडीसीत काम करणाऱ्यांना गेट काय असते हे सांगायला नको. ट्रक आला म्हणून थेट आत जात नाही. सिक्युरिटीवाला कागद पाहतो, आत विचारतो, मगच दांडा वर होतो. मेरुरज्जूच्या पाठीकडच्या भागातही असेच चालते. पायाकडून येणारी नस तिथे संपते आणि पुढच्या पेशीला रासायनिक निरोप देते. शेजारी काही पेशी फक्त ब्रेक लावण्याचे काम करतात. ब्रेक घट्ट असेल तर थोडीच बातमी वर जाते; ब्रेक सैल झाला तर साधा स्पर्शही दुखू लागतो.

याचा अनुभव आपण रोज घेतो. ठेच लागली की आधी झटकन कळ येते आणि क्षणभराने जळजळ सुरू होते, कारण बातमी आणणाऱ्या नसा दोन प्रकारच्या आहेत. एक वेगवान आहे, तर दुसरी सेकंदाला साधारण एक मीटर एवढ्याच गतीने चालते. पडलेल्या लेकराचा गुडघा आई चोळते तेव्हा ते खरोखर शांत होते. चोळण्याचा स्पर्श जाड, वेगवान नसांमधून गेटवर पोहोचतो आणि ब्रेक लावणाऱ्या पेशींना जागे करतो. आईची माया तर त्यात असतेच, पण मेरुरज्जूचे कामही असते.

तेल फक्त जळण्यासाठी नसते

चरबी म्हटले की आपल्याला पोट आणि कोलेस्टेरॉल आठवते. पण शरीरातल्या प्रत्येक पेशीचे आवरणच मुळी तेलकट द्रव्यांचे असते. ही गोष्ट पिंपरीला नवीन नाही. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथल्या शास्त्रज्ञांनी शोधलेले 'हमायसिन' हे औषध बुरशीच्या पेशीच्या आवरणातील चरबीसारख्या द्रव्याला चिकटूनच तिचा नाश करते. आवरण म्हणजे नुसती भिंत नव्हे, हे त्यावरूनही दिसते.

आपल्या पेशींच्या आवरणात अ‍ॅरॅकिडोनिक आम्ल नावाचे एक स्निग्ध द्रव्य बांधून ठेवलेले असते. पेशीला इजा झाली किंवा निरोप आला की ते मोकळे केले जाते. त्याच्यापासून शरीर अनेक द्रव्ये बनवते. त्यातली काही दुखण्याचे गेट उघडतात, काही बंद करतात. एकाच भांडारातून दोन्हीकडचा माल निघतो, ही या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट आहे.

गेट उघडणारे द्रव्य

गेट उघडणाऱ्यांमध्ये सर्वांत प्रसिद्ध आहे प्रोस्टाग्लँडिन. घोटा मुरगळला की तिथे ते तयार होते, सूज येते, भाग गरम होतो आणि हळवा बनतो. १९७१ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की अ‍ॅस्पिरिन हे प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, म्हणून दुखणे कमी होते. या विषयातील कामासाठी व्हेन यांना स्वीडनच्या सुने बर्गस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासोबत १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा आपल्या ओळखीच्या गोळ्याही याच मार्गाने काम करतात.

बराच काळ असे वाटत होते की हे सगळे फक्त जखमेच्या जागी घडते. २००१ साली प्राण्यांवरील प्रयोगात दिसले की सूज पायाला असली तरी प्रोस्टाग्लँडिन बनवणारी यंत्रणा मेरुरज्जूतही वाढते. २००४ साली आणखी एक दुवा सापडला. मेरुरज्जूतील ब्रेक ग्लायसिन नावाच्या रसायनावर चालतो, आणि प्रोस्टाग्लँडिन नेमका तोच ब्रेक सैल करते. म्हणजे गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला कुणीतरी चहाला पाठवून द्यावे आणि सगळे ट्रक सरळ आत यावेत, तसा हा प्रकार आहे. घोटा मुरगळल्यावर सुजेच्या आजूबाजूची चांगली कातडीसुद्धा दुखते, त्यामागे हे एक कारण आहे.

गेट बंद करणारे द्रव्य

आता दुसरी बाजू. १९९२ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत विल्यम डेव्हेन आणि लुमिर हानुश यांनी डुकराच्या मेंदूतून एक स्निग्ध द्रव्य वेगळे केले. ते माणसाच्या शरीरातही तयार होते. त्यांनी त्याचे नाव ठेवले आनंदामाइड. हे नाव आपल्या कानाला ओळखीचे वाटते, कारण ते संस्कृतमधल्या 'आनंद' या शब्दावरूनच घेतले आहे. १९९५ साली त्याच जातीचे दुसरे द्रव्य सापडले. त्याला थोडक्यात '२-एजी' म्हणतात.

या द्रव्यांची काम करण्याची पद्धत उलटी आहे. नेहमीचा निरोप पाठवणाऱ्या पेशीकडून घेणाऱ्या पेशीकडे जातो. इथे निरोप घेणारी पेशी, तिच्यावर फार मारा होऊ लागला की, स्वतःच्या आवरणातून हे तेल तयार करते आणि मागे पाठवते. ते पाठवणाऱ्या नसेला सांगते, "पुरे, आता माल कमी पाठव." ज्यांनी चाकणच्या कारखान्यांत कानबान कार्ड पाहिले आहे त्यांना हे लगेच समजेल. तिथेही पुढचे स्टेशन मागच्या स्टेशनला कळवते की किती माल पाठवायचा आणि कधी थांबायचे.

हे तेल साठवून ठेवता येत नाही. गरज पडली की जागेवर बनते, काम करते आणि थोड्याच वेळात शरीरातील एंझाइम त्याचे तुकडे करून टाकतात. त्या तुकड्यांत पुन्हा अ‍ॅरॅकिडोनिक आम्ल असते, आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनू शकते. गेट बंद करणाऱ्या द्रव्यातून गेट उघडणारे द्रव्य, असे हे चक्र फिरत राहते. दोघांचा तोल सांभाळला जाणे म्हणजेच दुखणे आटोक्यात राहणे. हा तोल ज्याने निर्माण केला त्या अल्लाहची कुदरत पाहून माणूस थक्क होतो.

मग गांजा-भांग का नको?

आनंदामाइड ज्या कुलपात बसते, त्याच कुलपात गांजातील नशा आणणारे द्रव्यही बसते. त्यामुळे काही जण म्हणतात, दुखण्यावर भांग किंवा गांजाचे तेल घ्यावे. इथे फरक नीट समजून घेतला पाहिजे. शरीर स्वतःचे तेल जिथे गरज आहे तिथे, गरजेपुरते आणि थोडा वेळ बनवते. बाहेरून घेतलेली नशा एकाच वेळी सगळ्या मेंदूत पसरते आणि तासन्‌तास राहते. स्मरणशक्ती, तोल आणि निर्णय यांवर तिचा परिणाम होतो. प्रेसमशीनवर हात घालणाऱ्या किंवा फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या माणसाला हे परवडणारे नाही. इस्लामने नशा हराम ठरवली आहे, आणि १९८५ च्या कायद्याने आपल्या देशात गांजा व चरस यांवर बंदी आहे. वेदनेवर अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२१ साली जाहीर केले की दुखण्यावर अशी द्रव्ये सर्रास वापरण्याइतका पुरावा नाही.

शरीराचेच आनंदामाइड टिकवून धरणारी गोळी बनवण्याचे प्रयत्न झाले. २०१९ साली स्कॉटलंडमधील एका स्त्रीची माहिती प्रसिद्ध झाली. तिच्यात जन्मतःच आनंदामाइड तोडणारे एंझाइम कमजोर आहे. तिला शस्त्रक्रियेनंतरही वेदनाशामक लागले नाही. पण हात भाजला तर तो जळल्याचा वास आल्यावरच तिला कळायचे. दुखणे हा धोक्याचा इशाराही असतो, हे इथे लक्षात येते. गोळ्यांचा अनुभव मात्र निराशाजनक ठरला. गुडघेदुखीच्या रुग्णांना अशी एक गोळी दिली, तेव्हा रक्तातले आनंदामाइड वाढले, पण दुखणे कमी झाले नाही. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधील रेन शहरात अशाच दुसऱ्या औषधाच्या चाचणीत एका निरोगी स्वयंसेवकाचा मृत्यू झाला आणि आणखी काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. ते औषध नको त्या एंझाइमांवरही घाव घालत होते. म्हणून कुणी बाटलीत भरलेला 'आनंद' विकायला आला तर आपण सावध राहावे.

गोळी घेताना

वेदनाशामक गोळी वाईट नाही, पण तिची किंमत कळली पाहिजे. प्रोस्टाग्लँडिन दुखणे वाढवते, तसेच ते जठराच्या अस्तराचे रक्षण करते आणि मूत्रपिंडाला रक्त मिळत राहील याची काळजी घेते. गोळी सगळ्याच ठिकाणचे प्रोस्टाग्लँडिन थांबवते. म्हणून रोज घेतल्यास पोटात अल्सर होतो आणि मूत्रपिंड दुखावते. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी झाले आणि आपल्या देशातली गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. त्यामुळेच २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद करण्यात आले. माणूस गिधाडाएवढा नाजूक नाही, पण मूत्रपिंड त्यालाही आहे.

शरीरात पाणी कमी असेल तेव्हा हा धोका जास्त असतो. फोर्जिंगच्या भट्टीसमोर घाम गाळणाऱ्यांनी आणि रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. सहरीला रिकाम्यासारख्या पोटी गोळी घेऊन दिवसभर पाण्याविना राहणे बरे नाही. गोळी आवश्यकच असेल तर डॉक्टरांना विचारून इफ्तारनंतर जेवणासोबत घ्यावी आणि भरपूर पाणी प्यावे. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे, ती घेण्यात कमीपणा मानू नये.

आणखी काही गोष्टी पाठ करून ठेवाव्यात. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर वेदनाशामक विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदरपणात, विशेषतः २० आठवड्यांनंतर, या गोळ्या टाळाव्यात. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, कारण रक्तस्राव वाढू शकतो. अशा वेळी पॅरासिटामॉल चालते. पॅरासिटामॉलचा मार्गही थोडा वेगळा आहे. २००५ साली दिसून आले की त्याचा एक तुकडा मेंदूत आणि मेरुरज्जूत अ‍ॅरॅकिडोनिक आम्लाला जोडला जातो आणि त्यातून आनंदामाइडच्या नात्यातले एक नवे द्रव्य बनते. पण त्यालाही मर्यादा आहे. मोठ्या माणसाने दिवसात ४ ग्रॅमच्या वर कधीही जाऊ नये, नाहीतर यकृताला इजा होते. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या अनेक मिश्र गोळ्यांत ते आधीच असते, म्हणून पट्टीवरचे नाव वाचावे.

आपल्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट, हालचाल. २००३ सालच्या एका अभ्यासात मध्यम गतीने धावल्यावर आणि सायकल चालवल्यावर तरुणांच्या रक्तातील आनंदामाइड वाढलेले आढळले. जुन्या कंबरदुखीवर पलंगावर पडून राहणे हा इलाज नाही. रोज अर्धा तास भरभर चालणे आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करणे, हे अधिक उपयोगी आहे. लाइनवर एकाच जागी उभे राहावे लागत असेल तर मधल्या सुट्टीत बाकावर बसून राहण्यापेक्षा थोडे चालून यावे.

दुसरी गोष्ट, जेवण. माशांतील ओमेगा-३ या स्निग्ध आम्लापासून शरीर 'रिझॉल्व्हिन' नावाची द्रव्ये बनवते. सूज मिटवणे हे त्यांचे काम. २०१० साली उंदरांवरील प्रयोगात ती अगदी अल्प प्रमाणात मेरुरज्जूजवळ दिल्यावर सुजेचे दुखणे कमी झाले. माणसांमध्ये, अर्धशिशीच्या १८२ रुग्णांवर १६ आठवडे चाललेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. जेवणात ओमेगा-३ वाढवल्यावर त्यांची डोकेदुखी कमी झाली. कोकणातून इथे येऊन स्थायिक झालेल्या आपल्या घरांत बांगडा आणि तारली नवीन नाहीत, आणि ते महागही नाहीत. आठवड्यातून दोनदा ते कालवणात असावेत. मासे न खाणाऱ्यांसाठी जवसाची चटणी चांगली, मात्र जवसातल्या ओमेगा-३ चा थोडाच भाग माशातल्या प्रकारात बदलतो. हे औषध नव्हे, पण घराच्या आरोग्याला धरून आहे.

तिसरी गोष्ट, झोप. रात्रपाळीनंतर घरात गोंगाट असेल तर झोप तुटते, आणि झोप तुटलेल्या माणसाला तेवढेच दुखणे जास्त जाणवते. दिवसा झोपणाऱ्यासाठी एक खोली शांत ठेवणे हीसुद्धा सेवाच आहे.

चौथी गोष्ट, नमाज. कंबर किंवा गुडघा दुखत असताना रुकू-सजद्यासाठी ओढाताण करून दुखणे वाढवून घेऊ नये. हजरत इमरान बिन हुसैन (र.) यांना त्रास होता, तेव्हा प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी त्यांना उभे राहणे जमत नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर कुशीवर नमाज पढण्यास सांगितले. मशिदीत खुर्चीवर बसलेल्या तरुणाकडे पाहून भुवया उंचावण्याआधी ही गोष्ट आठवावी.

एक्स-रे स्वच्छ, तरी दुखणे खरे

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. १९८३ साली क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवरील प्रयोगात दाखवले की इजेनंतर मेरुरज्जूतील पेशी स्वतःच हळव्या बनतात. जखम भरली तरी गेट सैलच राहू शकते. अशा वेळी हाड ठीक असते, चकती ठीक असते, आणि तरीही माणूस खरोखर कळवळतो. वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली अशा दुखण्याला स्वतंत्र नाव देऊन मान्यता दिली.

आपल्या घरांत याचा सर्वांत मोठा फटका बायकांना बसतो. "रिपोर्ट चांगला आहे, मग नाटक कशाला?" हे वाक्य कितीतरी सुनांनी ऐकले आहे. कामावर जाणाऱ्या पुरुषालाही 'कामचुकार' म्हटले जाते. एक्स-रे हाडाचा फोटो काढतो. मेरुरज्जूतील ब्रेक सैल आहे की घट्ट, हे तो दाखवू शकत नाही. फोटोत जे दिसत नाही ते खोटे, असे समजणे अन्यायाचे आहे. सर्व मोमिन एका शरीरासारखे आहेत, एक अवयव दुखला तर सारे शरीर जागे राहते आणि तापाने फणफणते, अशा अर्थाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ती आधी आपल्याच घरात अमलात यायला हवी.

इब्ने सीना यांनी हजार वर्षांपूर्वी 'अल-कानून' या ग्रंथात वेदनेचे १५ प्रकार सांगितले होते. दुखणाऱ्याचे बोलणे ऐकूनच ते प्रकार ओळखायचे होते. डॉक्टरांकडे जाताना आपणही नीट सांगावे : टोचते की जळते, दाब वाटतो की करंट मारतो, सकाळी जास्त की रात्री, पायात उतरते का.

काही लक्षणांत मात्र एक दिवसही थांबू नये. पाय लुळा पडणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, ताप आणि वजन घटण्यासोबत पाठ दुखणे. शेवटचे लक्षण मणक्याच्या क्षयाचेही असू शकते, आणि तो वेळेत पकडला तर बरा होतो. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय पिंपरीत आहे. ज्यांच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात त्यांच्यासाठी चिंचवडच्या मोहननगरात ईएसआय रुग्णालय आहे. २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारे कामगार या योजनेत येतात, आणि त्यांच्या कुटुंबालाही उपचार मिळतात. हा आपला हक्क आहे. कार्ड कपाटात पडून राहू देऊ नये.

पुढच्या वेळी घरात कुणी "फार दुखतंय" म्हणाले तर गोळीची पट्टी पुढे करण्याआधी दोन मिनिटे जवळ बसावे, कुठे आणि कसे दुखते ते विचारावे, पाण्याचा ग्लास द्यावा आणि गरज असेल तर दवाखान्यात सोबत जावे. शरीराचा तोल सांभाळणारा अल्लाह आहे. त्या तोलाला धक्का न लावणे आणि दुखणाऱ्यावर विश्वास ठेवणे, एवढे आपल्या हातात आहे. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.